बसतं म्हणून

तांबट आळीतले हातोडे जेवणाच्या वेळी थांबतात,
तेवढ्यातच गाठायचा अमीनुद्दीन शिकलगार.
एरवी त्याला आपलं बोलणं ऐकू येत नाही,
आणि बंदूक दाखवायची तर आधी
तो तिला ऐकतो, मग आपल्याला.

मी देवळालीला तोफखान्यात सतरा वर्षं.
आता शालिमारकडच्या पतपेढीच्या दारात, स्टुलावर,
मांडीवर सासऱ्यांची दुनळी.
कलेक्टर कचेरीत चौदा खेपा घातल्या
तेव्हा ती माझ्या नावावर झाली.

काडतुसांचा नवा डबा त्याच्यापुढे ठेवला.
म्हटलं, बसतात की. घालून बघितली मी.
डब्याला टोपण बसावं तशी.

त्याने दुनळी मोडली, उजेडाकडे धरली,
एका डोळ्याने आत शिरला
आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

मग म्हणाला, हवालदार,
बसतं म्हणून चालतं, हे कोणी सांगितलं?
हे बंद असतं तेव्हा आखूड. तोंड दुमडून, गुमान.
उडालं की तोंड उघडतं.
त्याची लांबी उघडल्यावर मोजायची.
हे सत्तरचं.
तुमच्या नळीतलं घर पासष्टचं.
वरचे पाच मिलिमीटर कुठे जाणार?
छर्ऱ्यांच्या वाटेत.
आणि मागचा दाब? तो कुठे जाणार?
त्याने माझ्या उजव्या गालाकडे बघितलं,
जिथे दस्ता टेकतो.

सतरा वर्षं गोळे भरले,
पण असं गालाकडे बघून
कोणी काही शिकवलं नव्हतं.

मग पितळेची खुंटी काढली, पायऱ्यापायऱ्यांची,
शेजारच्या तांबटानेच करून दिलेली.
उजव्या नळीत ती दोन पायऱ्या उतरली.
डावीत तोंडाशीच अडली.
फुल चोक, तो म्हणाला.
सुईत ओवताना दोरा ओला करून पिळतो ना,
तशी ही छर्रा पिळून सोडते. लांब जातो.
हिच्यातून अख्खी गोळी कधीच नाही.
शिसं वाट काढेल, पण नळीकडून वसूल करून.

आणि पतपेढीच्या दारात कुठली नळी?

दारात काय असतं?

मी आठवून सांगितलं.
एक तारखेला पेन्शनवाले, पायरीपर्यंत.
गायधनीबाईंची कापडी पिशवी.
चहाची किटली घेऊन आडवा येणारा सुकदेव.
समोर द्राक्षांची हातगाडी, तिच्यामागे शाळेची भिंत.

तो खुंटी पुसत राहिला.
पसरला तर पायरीवर, आवळला तर भिंतीकडे.
याचं माप माझ्याकडे नाही, म्हणाला.

त्याच्या डाव्या हाताला तीन बोटं.
मी बघतोय हे त्याने बघितलं.
दिंडोरीच्या मळ्यात, पाखरं हाकायला गेलो होतो.
खिशात बारा बोअरची, त्यातच एक वीसचं, पिवळं.
घसरत गेलं आत, पुढे जाऊन अडकलं.
मला वाटलं, नळी रिकामीच.
मागून बाराचं घातलं.

तेही बसलं.

नवा डबा त्याने परत बांधून दिला,
जिथून आणला तिथे द्या म्हणून.
फळीवरून पासष्टची काढली, सहा नंबरी,
एकेकाचं पितळ नखाने खरवडून बघितलं,
एक हिरवट निघालं ते पाण्याच्या बादलीत टाकलं.
वर एक उडालेलं रिकामं काडतूस दिलं, सत्तरचं.
पैसे किती, विचारलं.
पण हातोडे पुन्हा सुरू झाले होते.

ते रिकामं आता पतपेढीच्या काउंटरवर असतं.
कॅशियर मृणालिनी त्यात पेन ठेवते.
रोज सकाळी दुनळी भरण्याआधी
मी पेन काढून बाजूला ठेवतो,
माझी दोन त्याच्या शेजारी उभी करतो.
दोन्ही बुटकी. तोंडं मिटलेली.
मृणालिनी विचारते, काय बघता रोज?

मी म्हणतो, उंची.